आम्हाला कुठं वाचता येतंय, मॅडम?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पुण्याचे पाहुणे विचारतात, नव्यानं रुजू झालेले शिक्षक विचारतात, आणि सगळ्यात जास्त विचारतात त्या लेकरांच्या आयाच: ज्यांना स्वतःला अक्षरओळख नाही, त्या आईबापांनी पोराच्या वाचनात करायचं तरी काय? बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. माझं उत्तर असं, की रोज दहा मिनिटं ऐकायचं. शिकवायचं मी बघते.

पण ऐकायचं ते जरा कान आणि डोळे उघडे ठेवून. पहिलीतलं पोर धडा चार दिवसांत पाठ करतं आणि पुस्तक समोर धरून धडाधडा म्हणून दाखवतं. आई खूश. ते वाचतंय का घोकलेलं म्हणतंय, हे ओळखायला तुम्हाला अक्षर यायची गरज नाही. धड्यातल्या मधल्याच ओळीवर बोट ठेवा आणि म्हणा, इथून वाच. पाठ केलेलं पोर तिथंच अडतं, त्याला पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागते. मग त्यानं वाचलेल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा, हाच शब्द या पानावर अजून कुठंय? त्यानं दाखवलेले दोन शब्द सारखे आहेत का नाहीत, ते दिसतं. ज्या बाईला वाकळेतला वाकडा टाका लांबून दिसतो, तिला हे काय अवघड!

पोरांना कितपत वाचता येतं ते बघणारी ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी 2005 पासून खेड्यापाड्यांत होते, तीही साधारण अशीच. घरी जाऊन पोरासमोर कागद धरायचा: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. पोर कुठं थांबलं ते बघायचं. मला त्यातली आवडणारी गोष्ट म्हणजे हे सगळं घरच्यांसमोर होतं. प्रगतिपुस्तकावरच्या श्रेणीवरून आईला काही कळत नाही. पोर उताऱ्यावर अडलं, हे मात्र शेजारणीलाही कळतं.

‘पालक उदासीन आहेत’ हे वाक्य आमच्या बैठकांत फार सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. पालकसभा ठेवायची सकाळी अकराला. ऐन कापूस वेचणीत रोज बुडवून कोण येणार? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. तरतूद चांगलीच आहे. पण बैठकीतली चर्चा बहुतेक वेळा गळकी खोली, पोषण आहार आणि गणवेशापाशी संपते. पोरं वाचतात का, हे कुणी काढतच नाही.

आमच्याकडं ‘पालक’ म्हणजे कोण, हाही प्रश्नच आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडं निघतात. गाव अर्धं होतं. जी लेकरं सोबत जातात, ती नेमकी काना-मात्रा बसत आल्यावर, जोडाक्षरांच्या आधी जातात, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत येतात तेव्हा बरंचसं पुसलेलं असतं. जी मागं राहतात ती हंगामी वसतिगृहात जेवतात आणि आजीपाशी झोपतात. म्हणजे अर्धं वर्ष माझी पालक आजीच.

आणि या आज्या काय कमी नाहीत. जनाबाईंच्या गंगाखेडापासून नाथांच्या पैठणापर्यंत या मुलखात एकही वर्ग न शिकलेल्या बाईला हरिपाठ तोंडपाठ असतो. मोठ्या टायपातला हरिपाठ पोराच्या हातात द्यायचा. आजीनं सावकाश म्हणायचं, पोरानं शब्दाशब्दाखालून बोट न्यायचं. आजी मधेच थांबली की पुढचा शब्द पोरानं वाचायचा. बरोबर का चूक ते आजी सांगते, पुस्तकाकडं न बघता! जुनी मराठी आहे, अर्थ कळत नाही, असं सहकारी म्हणतात. खरंय. म्हणून अक्षरं शिकणाऱ्याला हे देऊ नये. अक्षरं येतात पण एकेक शब्द ओढत वाचतो, त्याच्यासाठी आहे.

बंजाऱ्यांच्या तांड्यावर जरा वेगळं. तिथं घरात गोरमाटी बोलतात, पुस्तक मराठी. पोरानं वाचलेली गोष्ट आईला गोरमाटीत सांगायची. सांगता आली तर कळली, बास.

घरात वाचायला काही नाही, असंही म्हणतात. लग्नसराईत या आमच्याकडं! पत्रिकेत निम्मा गाव छापलेला असतो. ‘कृपाभिलाषी’ आणि ‘स्वागतोत्सुक’ मोठ्यांनाही नीट म्हणता येत नाहीत, ते सोडून द्या. खाली ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’च्या पुढं बारक्यांची नावं असतात, तिथं पोराला स्वतःचं नाव शोधू द्या. मग भावाचं, मग आत्याच्या पोरीचं.

उसाच्या फडावर असलेल्या बापांनाही मी हेच सांगते. फोनवर ‘जेवलास का’ झालं की म्हणा, दोन ओळी वाच. गाडी भरायची वेळ रात्री-बेरात्री कधीही येते, त्यामुळं रोज जमत नाही. जमेल तेव्हा.

राहिलं मारायचं. पोर अडलं की पाठीत धपाटा बसतो, आणि बहुधा ते ऱ्हस्व वेलांटीवरच अडलेलं असतं. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, त्यात पोराचा काय दोष? थोडं थांबा. नाहीच आलं तर त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि पुढं जाऊ द्या. सकाळी दप्तरातून पुस्तक काढून रेघा मी बघते.