एकदाच मंदावलेला क्वेसार

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या एका नेहमीच्या निरीक्षणात एक क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा, आधीच्या नोंदींपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मंद दिसला. त्याला आता बराच काळ लोटला, तरी त्या रात्रीची विदा (डेटा) मी अजून अधूनमधून उघडून पाहते. तो दोष नव्हता याची मला खात्री आहे. तो नेमका काय होता, हे मात्र ठामपणे सांगता येत नाही.

आमच्या दुर्बिणीतून कोणी डोळा लावून पाहत नाही. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. चौदा मध्यभागी दाटीने आणि उरलेल्या सोळा तीन भुजांवर, पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. प्रत्येक अँटेनाचा संकेत इतर प्रत्येकीच्या संकेताशी पडताळला जातो, म्हणजे एकाच वेळी ४३५ जोड्या मोजमाप करत असतात, आणि प्रतिमा नंतर संगणकावर तयार होते. ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास एका निरीक्षणात एक अंशाहून रुंद आकाश येते आणि त्यात शेकडो स्रोत सापडतात. हा क्वेसार असाच, दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या क्षेत्रात आलेला होता.

प्रतिमा तयार झाल्यावर माझी विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, हा एकटाच खाली आलाय, बाकीचे सगळे जागच्या जागी आहेत.” मी तिला म्हटले, “प्रतिमा बाजूला ठेव आणि कच्च्या विदेपासून सुरुवात कर.” आजकाल स्वयंचलित प्रणालीतून प्रतिमा बाहेर पडते आणि अनेक सहकारी तिच्यावर थेट विश्वास ठेवतात. स्थिर स्रोतांसाठी ते चालून जाते; चल स्रोतांवर काम करणाऱ्याने असे करणे मला निष्काळजीपणाचे वाटते.

पुढचे काही दिवस आम्ही त्या क्वेसारची अक्षरशः उलटतपासणी घेतली. ३६० ते ३८० मेगाहर्ट्झमध्ये उपग्रहांचे संकेत घुसतात, तो पट्टा पूर्ण काढून टाकला. विजेच्या तारांवरच्या खराब इन्सुलेटरमधून ठिणग्या उडतात, त्यांचा त्रास जवळजवळच्या अँटेनांच्या जोड्यांना सर्वाधिक होतो, म्हणून त्या जोड्या वगळून प्रतिमा पुन्हा केली. दोन्ही ध्रुवीकरणे वेगळी पाहिली, निरीक्षणाचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगळा पाहिला. तीव्रतेची मोजपट्टी थ्री-सी २८६ या स्रोतावरून घेतली होती. ती आमच्या आधीच्या निरीक्षणांशी जुळत होती.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो अँटेनांच्या रोखाने. क्वेसार क्षेत्राच्या मध्यापासून पाव अंशाहून थोडा अधिक दूर होता, आणि एवढ्या अंतरावर अँटेना किंचितही भलतीकडे वळलेली असली तर तीव्रता फसवी येते. पण तसे झाले असते तर त्याच बाजूचे शेजारी स्रोतही मंदावले असते आणि समोरच्या बाजूचे थोडे उजळले असते. प्रत्येक शेजाऱ्याचे आधीच्या नोंदींशी गुणोत्तर काढले; ते सगळे मोजमापाच्या अनिश्चिततेत स्थिर होते. खोडदवर सूर्यास्तानंतर, विशेषतः विषुवदिनांच्या आसपासच्या महिन्यांत, आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर, खवळते, हे आम्हाला चांगलेच ठाऊक आहे. पण त्याचा फटका साऱ्या क्षेत्राला बसतो, एकाच क्वेसारला निवडून नाही. शेवटी पट्ट्याचे दोन भाग केले. कमी वारंवारतेच्या भागात घट अधिक होती.

स्रोत स्वतःच मंदावला म्हणावे, तर इतक्या जलद बदलासाठी तो काही प्रकाश-आठवड्यांपेक्षा, म्हणजे प्रकाश काही आठवड्यांत कापतो त्या अंतरापेक्षा, मोठा असू शकत नाही. एवढ्याशा जागेतून एवढे उत्सर्जन होण्यासाठी त्याचे तेजस्विता-तापमान, म्हणजे तेवढे उत्सर्जन करायला तप्त वस्तूला लागेल ते तापमान, अशा स्रोतांसाठीची एक लाख कोटी केल्विनची मर्यादा कितीतरी ओलांडते. क्वेसारचा झोत आपल्या दिशेने रोखलेला असला की या मर्यादेत सवलत मिळते, पण इतकी नव्हे. ताऱ्यांमधल्या विद्युतभारित वायूमुळे, म्हणजे आंतरतारकीय प्लाझ्मामुळे, होणारी सावकाश लुकलुक या वारंवारतेला सहसा काही टक्क्यांची असते. उरते ती शक्यता प्लाझ्माच्या एका घट्ट पुंजक्याची. जुन्या खिडकीच्या काचेतील फुगवट्यासारखा तो मध्ये येतो, किरण बाजूला ढकलतो, कमी वारंवारतेचे अधिक, आणि स्रोत तेवढा काळ मंद दिसतो. अमेरिकेतील राल्फ फिडलर आणि सहकाऱ्यांनी १९८७मध्ये ०९५४+६५८ या क्वेसारमध्ये नेमके हेच दाखवले होते, २.७ गिगाहर्ट्झवर त्याची तीव्रता जवळपास निम्म्यावर आली होती. एवढ्या दाबाचा पुंजका आंतरतारकीय माध्यमात टिकतो कसा, याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही.

आम्ही तातडीच्या वेळेसाठी अर्ज केला आणि तो मान्यही झाला, पण १०००–१४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाहिले तोवर क्वेसार पूर्ववत झाला होता. लेख पाठवला, तेव्हा एका परीक्षकाने लिहिले की एकाच दिवसाची नोंद हा पुरावा नव्हे, घटना पुन्हा घडल्यास पाठवावे. आमच्या शास्त्रात अशा सावधगिरीला कारण आहे. १९६५मध्ये सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ शोलोमित्स्की यांनी सीटीए-१०२ हा क्वेसार बदलतो असे सांगितले, तेव्हा परग्रहावरील संस्कृतीची बातमी जगभर झाली. पण तो स्रोत खरोखरच बदलत होता. ऑस्ट्रेलियातील खगोलशास्त्रज्ञ हन्स्टेड यांनी १९७२मध्ये ४०८ मेगाहर्ट्झवर काही स्रोत बदलताना दाखवले. ते बदल बहुतांशी आंतरतारकीय माध्यमामुळे होतात, हे सर्वांना पटायला १९८४ उजाडले. नोंद छापली गेली होती, म्हणूनच स्पष्टीकरण शोधायला कोणाकडे काहीतरी होते. पुंजका एकदा दृष्टिरेषेवरून सरकला की तो पुन्हा येईलच असे नाही, तेव्हा पुनरावृत्तीची अट ही या घटनांवर लादलेली चुकीची अट आहे, असे माझे मत आहे आणि परीक्षकाला मी तसे लिहिलेही आहे.

विद्यार्थिनीने शेजारी स्रोतांच्या गुणोत्तरांचा संपूर्ण तक्ता लेखाच्या पुरवणीत जोडला आहे. ऑक्टोबरच्या सत्रासाठी आम्ही दर आठवड्याला अर्ध्या तासाचा वेळ मागितला आहे, दोन पट्ट्यांत आणि या वेळी अनेक क्वेसारसाठी, म्हणजे पुढचा पुंजका मध्ये आला तर दोन्ही वारंवारता आमच्या हातात असतील.