खांदशेकणीच्या दिवशी सायकलची चेन

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि कानाशी जाऊन म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तेव्हा मी गोठ्याच्या बाजूला बसून सायकलची चेन उतरवत असतो. मुहूर्त-बिहूर्त काही नाही, त्या दिवशी वावरात जायचं नसतं म्हणून.

आर्वीकडचं आमचं गाव. वावर सहा किलोमीटर, त्यातली शेवटची पांदण काळ्या मातीची. पावसाळ्यात ती माती मडगार्डात अशी ठासते की चाकच फिरत नाही. तुराटीनं खरवडत उभं राहावं लागतं. मडगार्डातली माती निदान दिसते, चेनमधली दिसत नाही.

आधी मी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल धारेनं ओतायचो. चेन काळीभोर चकाकायची, मला वाटे झकास काम झालं. प्रत्यक्षात त्या चिकट्यावर धूळ बसून पॉलिश पेपरासारखा लगदा तयार होत होता. दोन पावसाळ्यांत चेन लोंबली. "ताणली" म्हणतात, पण पट्ट्या काही रबराच्या नसतात. आतल्या पिना झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर जागा होते, आणि सगळी मिळून लांबी वाढते. आता मी टेप लावतो. एका पिनेच्या मधापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मधापर्यंत बरोबर 12 इंच भरायला हवेत. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त भरलं तर चेन बदलायची. पूर्ण सूत वाढेपर्यंत चालवली तर बहुधा दातेही गेलेले असतात, मग फ्रीव्हीलचा खर्च वेगळा.

चेनलॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी क्लिप, पकडीनं काढून चेन डब्यात टाकतो. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून फवारणी पंपाच्या इंजिनातलं उरलेलं डिझेल. (बाबांची बिडी तेवढा वेळ लांब.) हलवून, जुन्या टूथब्रशनं घासून, डिझेल एकदा बदलतो. डब्याच्या तळाशी नाल्यासारखा गाळ बसतो, तो बघताना दरवर्षी लाज वाटते. मग साबणाचं पाणी, फडकं, आणि ऊन पडलं तर ऊन. ओली चेन तेल घेत नाही.

तेल फक्त रोलरच्या फटीत, एकेक थेंब. शिलाई मशीनचं तेल उन्हाळ्यात चालतं, पण पावसात टिकत नाही. तेव्हा नवं इंजिन ऑइल. पायडल उलटं फिरवत राहायचं, चहा होईपर्यंत मुरू द्यायचं, मग बाहेरचं सगळं पुसून काढायचं. हे पुसणंच लोक विसरतात. बाहेरून चेन कोरडी दिसली पाहिजे.

चेनलॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेनं पळते तिकडे ठेवायची. एकदा मी उलटी बसवली. पांदणीत पऱ्हाटीची काडी अडकली, लॉक चिखलात गेला, आणि युरियाची बॅग कॅरिअरवर घेऊन मी चार किलोमीटर सायकल ढकलली.

यंदा चेन चढवून झाली तशी बाबा उरलेली हळद घेऊन आले. "इले आवतन देल्लं का?"

म्हटलं, "द्या, पण बाबा, चेनले नोका लावू. धूळ धरते."

त्यांनी हँडलला लावली.