काकांची गाडी, काकांचा फास्टॅग

घरातल्या गेलेल्या माणसाची गाडी तुम्ही नावावर करून घेतली असेल आणि आरसी हातात पडली म्हणजे काम संपलं असं वाटत असेल, तर आधी काचेवरचा फास्टॅग कोणाच्या नावावर आहे ते बघा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते आहे, आणि जरा चिडूनच सांगते आहे.

बेत साधा होता. निवृत्ती झाली, आता स्वतः गाडी चालवत निघायचं. पुण्याहून धुळं, तिथे हॉस्टेलची मैत्रीण. मग इंदूरला काकू, ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात आईच्या माहेरची मंडळी. येताना झाशी, सागर, सिवनी करत नागपूर आणि तिथून समृद्धीने घरी. या सगळ्यांशी माझा संबंध गेली कित्येक वर्षं व्हॉट्सॲपवर केकचं चित्र पाठवण्यापुरता उरला होता. लग्नांना जमलं नाही, बारशांना जमलं नाही, आणि काकांच्या वेळी गेलो ते सकाळी पोहोचून संध्याकाळी परत.

गाडी काकांचीच. एमएच ३१, म्हणजे नागपूर. ते गेल्यावर काकू मुलीकडे इंदूरला गेली, चुलतभाऊ परदेशात, गाडी अंगणात धूळ खात उभी. ती आम्ही रीतसर विकत घेतली. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, मग आमच्या नावावर करायला २९ आणि ३०, विमा, पीयूसी, सगळं एजंटने केलं. त्यातलं मला आता काही आठवत नाही. आठवतो तो फास्टॅग.

निघायच्या आधी मी त्यावर हजार रुपये भरले. ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला, पैसे गेले, हिरवी खूण आली. एका रविवारी सहज टोलनाक्यापर्यंत गेलो तर आडवा दांडा वर जाईना. तिथला मुलगा हातातल्या मशीनकडे बघत म्हणाला, ‘मॅडम, ब्लॅकलिस्ट आहे. केवायसी नाही.’ माझे हजार रुपये घेताना बँकेला ही यादी आठवली नव्हती.

हेल्पलाइनला फोन केला.

‘रजिस्टर्ड मोबाइल नंबरवरून फोन करा, मॅम.’

‘तो नंबर ज्यांचा, ते वारले.’

‘ओके मॅम. मग त्यांना एकदा कॉल करायला सांगा.’

मी फोन ठेवला. शाखेत गेले. तिथले साहेब म्हणाले, फास्टॅगचं आमच्याकडे काही नसतं, ते सगळं सेंट्रलाइज्ड आहे. म्हणजे कुठे? तर मेल करा. मृत्यूचा दाखला, नवी आरसी, माझं आधार, सगळं जोडून मेल केला. उत्तरात तक्रार क्रमांक आला आणि दोन दिवसांनी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असं कळलं. टॅग होता तिथेच, काळ्या यादीत. पुन्हा मेल. या खेपेला कळवलं की ओळखपत्र अस्पष्ट आहे, ग्राहकाने नवीन फोटो काढून पाठवावा. ग्राहक म्हणजे काका.

मग म्हटलं, मरू दे, दुसऱ्या बँकेचा नवा टॅग घेऊ. तिथे नंबर टाकल्याबरोबर लाल अक्षरं: या वाहनावर आधीच टॅग आहे. ‘एक वाहन, एक फास्टॅग’ असा नियम आहे आणि तो चांगलाच आहे, पूर्वी लोक एका गाडीला चार टॅग ठेवायचे. पण जुना बंद करायचा तर ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाइलवर ओटीपी जाणार. १०३३ वर, म्हणजे राष्ट्रीय महामार्गांच्या हेल्पलाइनवर, फोन लावला. तिथली मुलगी फार नम्र होती. तिने नम्रपणे सांगितलं की टॅग देणाऱ्या बँकेशी बोला.

काकांचा नंबर मी लावून पाहिला होता. नुसता वाजत राहायचा. चुलतभाऊ म्हणाला, रिचार्ज संपून बंद पडला असेल आणि आता दुसऱ्या कोणाला दिला असेल. पटलं. काकूला विचारावं असं मनात आलं होतं, पण इतक्या दिवसांत एक फोन नाही आणि आता एकदम ‘काकांचं सिम कुठे आहे?’ जीभ रेटेना.

नवरा म्हणाला, अगं, यूपीआयने भरत जाऊ. १५ नोव्हेंबर २०२५ पासून तसा नियमच आला होता: चालू टॅग नसेल तर रोख दिल्यास दुप्पट, यूपीआयने दिल्यास सव्वापट. हिशेबाने त्याचं बरोबर होतं. एवढ्या टोलांवर पाव पट जास्त देऊन काही आम्ही भिकेला लागलो नसतो. पण मला आता टोलचं पडलं नव्हतं. मला ती बँक हरलेली बघायची होती. शिवाय वार्षिक पास घ्यायचा होता, तेव्हा ३,००० रुपयांत वर्षभर किंवा २०० वेळा नाका ओलांडणं, यातलं जे आधी संपेल ते. तो काळ्या यादीतल्या टॅगवर मिळत नाही.

आणि मग एके दिवशी घरच्या ग्रुपवर इंदूरच्या ताईचा मेसेज आला. ‘सावध राहा. बाबांच्या नंबरवर रोज तक्रारीचे निवारण झाले म्हणून मेसेज येत आहेत. आईला कोणीतरी फसवायला बघतंय.’

फसवायला बघणारी मी होते.

काकूने ते सिम चालू ठेवलं होतं. गॅस, विमा, पेन्शन, सगळीकडे तोच नंबर, म्हणून रिचार्ज करत होती आणि फोन कपाटात आवाज बंद करून ठेवला होता. मी लगेच तिला फोन लावला, सगळं समजावलं, वेबसाइट उघडली, टॅग बंद करण्याचं कारण निवडायचं होतं. गाडी विकली, टॅग हरवला, टॅग फाटला. मालक वारले हा पर्याय नव्हता. ‘गाडी विकली’ निवडलं आणि ओटीपी पाठवला.

‘आला?’

‘आला ना. पण ओटीपी कोणाला सांगायचा नसतो.’

‘काकू, मी बोलते आहे.’

‘तेच ते लोक पण म्हणतात. आवाजसुद्धा काढतात म्हणे हुबेहूब. तू खरंच तू असशील तर सांग, आमच्याकडे सुटीत आली होतीस तेव्हा काय फोडलं होतंस?’

लोणच्याची बरणी. कैरीचं, त्याच आठवड्यात घातलेलं, आणि नाव चुलतभावावर गेलं होतं. ते मी सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. पुन्हा पाठवला. आता चष्मा सापडेना. पुढचा वाचला तो ‘बेचाळीस, सदतीस, आणखी काहीतरी पुसट आहे’ असा. शेवटी ताई आली, तिने आकडे सुटे सुटे सांगितले आणि टॅग बंद झाला. फोन मात्र बंद झाला नाही. काकू बोलतच राहिली, काकांच्या शेवटच्या महिन्यांचं, जे मी इतक्या दिवसांत विचारलंच नव्हतं. ‘आता बँकेच्या कामासाठी का होईना, आठवण तर झाली,’ हेही ऐकवलं. ऐकून घेतलं.

नवा टॅग दुसऱ्या दिवशी मिळाला. तेव्हा गाडीचा समोरून फोटो मागितला, नंबरप्लेट आणि काचेवर चिकटवलेला टॅग दोन्ही दिसतील असा, तो भर उजेडात काढला. टॅग चिकटवायचाच, हातात धरून दाखवायचा नाही. तसे टॅग बाद करण्याची आता तरतूद आहे. आणि वार्षिक पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेवर चालतो. समृद्धी राज्याची, तिथे नेहमीसारखा टोल कापला जातो, म्हणून टॅगमध्ये वेगळे पैसे ठेवा.

प्रवास छान झाला, त्यात सांगण्यासारखं कमी आहे. धुळ्याच्या मैत्रिणीकडे रात्री दोनपर्यंत जागलो आणि दुसऱ्या दिवशी उशिरा निघालो. पुढे राष्ट्रीय महामार्ग ५२. सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाट, खलघाटला नर्मदा, मग गणपती घाटाची चढण. ट्रकांच्या मागे धीर धरून राहा, तिथे ओव्हरटेकची घाई नको. इंदूरला पुण्याची बाकरवडी नेऊ नका. ती लोक शेवेच्या बाबतीत फार मानी असतात, तुमची पुडी कपाटात जाते. मी काकूला कैरीचं लोणचं नेलं. तिने चव घेऊन ‘मीठ कमी आहे’ म्हटलं.

एक राहिलं. नातेवाइकांना पोहोचण्याची नेमकी वेळ सांगू नका. ‘संध्याकाळपर्यंत’ म्हणा. मी ग्वाल्हेरला एक वाजता येते म्हणाले, ब्यावऱ्यापुढे राष्ट्रीय महामार्ग ४६ वर वेळ गेला आणि मावसबहिणीच्या घरची सगळी माणसं चार वाजेपर्यंत उपाशी बसली होती. त्या घरात पाहुण्याआधी जेवत नाहीत हे मी विसरले होते. आणि एका दिवशी दोन घरांपेक्षा जास्त घेऊ नका, तिसऱ्या घरी गेल्यावर तुम्ही फक्त घड्याळ बघता.

नागपूरला काकांच्या जुन्या गल्लीत गाडी वळवली तर समोरचे आजोबा नंबर बघून फाटकापर्यंत आले. मला ओळखलं नाही, गाडी ओळखली. ‘ही तर इंजिनची बत्ती लागणारी ना?’ म्हणाले. ती बत्ती अजून लागते. मेकॅनिक काही नाही म्हणतो.

समृद्धीवर निघण्याआधी टायरची हवा तपासा, काँक्रीटवर टायर तापतात. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून अधूनमधून थांबा. आम्ही संभाजीनगरला उतरलो आणि अहिल्यानगरवरून पुणे गाठलं.

जुन्या टॅगमधले माझे हजार रुपये आणि काकांनी भरलेली अनामत काकूच्या खात्यात यायला हवी होती. हजार आले, तिने मला परत केले. अनामत आलेली नाही. तक्रार क्रमांक काकूकडे आहे आणि हेल्पलाइनला आता ती रोज सकाळी पूजा झाल्यावर काकांच्या फोनवरून, म्हणजे रजिस्टर्ड नंबरवरून, फोन करते.