आडवा बॉक्स, पळणारा मिड आणि जमिनीवरच्या चिकटपट्ट्या

सापडला एकदाचा! तालमीत माझ्या गिटारचा मिड, म्हणजे मधल्या सुरांचा आवाज, कधी टोचायचा तर कधी गायब व्हायचा. मागच्या नोंदीत मी वैतागून त्याला ‘भुताटकीचा मिड’ म्हटलं होतं. दोष आयआरमध्ये (गिटारच्या स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल) नव्हता, केबलमध्ये नव्हता आणि माझ्या कानांतही नव्हता. स्पीकरचा बॉक्स आडवा झोपवला होता, बस्स. एवढ्याशा गोष्टीपायी तीन आठवडे गेले.

सेटअप तोच आहे. दहा इंची पॉवर्ड बॉक्स (अँप आतच असलेला), पहिल्या चॅनलवर एचएक्स स्टॉम्प (गिटारचा आवाज घडवणारं पेडल), दुसऱ्यावर थेट एसएम५८, म्हणजे गाण्याचा माइक. गिटार आणि गळा, दोघांचा संसार एकाच खोक्यात. घरी पॅच, म्हणजे स्टॉम्पमध्ये साठवलेला आवाज, बनवताना बॉक्स टेबलावर उभा असतो. तालमीला मात्र तो त्याच्या तिरक्या कडेवर आडवा, माइकच्या पुढे जमिनीवर, वेजसारखा, म्हणजे गायकाकडे तोंड करून ठेवलेल्या मॉनिटरसारखा. आता हे वाक्य लिहिताना उत्तर डोळ्यांसमोर नाचतंय. तेव्हा दिसलं असतं तर!

घरी क्रंचचा (किंचित फाटक्या आवाजाचा) पॅच असा की वाजवतच राहावं. तालमीत तोच पॅच एका गाण्यात दातांत कळ आणणारा, तर पुढच्या गाण्यात वर कुणी गोधडी टाकल्यासारखा. गळ्याचा आवाज मात्र प्रत्येक वेळी स्वच्छ. म्हणून मी ठरवून टाकलं की दोष गिटारच्या साखळीतच आहे.

पहिला संशय अर्थातच फ्लेचर-मन्सनवर, म्हणजे आवाजाच्या जोराप्रमाणे कान कसा ऐकतो ते दाखवणाऱ्या आलेखांवर. १९३३ पासून हे माहीत आहे की आवाज वाढला की कानाला बास आणि ट्रेबल तुलनेने जास्त ऐकू येतात, त्यामुळे हळू आवाजात घडवलेला पॅच मोठ्या आवाजात घुमतो आणि टोचतो. सगळे पॅच तालमीच्या आवाजात पुन्हा बसवले. लो-कट (खालचे सूर छाटणारा) १२० हर्ट्झ, हाय-कट (वरचे छाटणारा) ८ वरून थेट ५.५ किलोहर्ट्झवर. घुमणं गेलं, तेवढा भाग खरा होता. पण मिडचा लपंडाव सुरूच. मग व्हिंटेज ३० स्पीकरचा आयआर काढून ग्रीनबॅकचा टाकला. मग आयआरमधला माइक कोनच्या मध्यापासून कडेकडे सरकवला. मग स्टॉम्पचं आउटपुट लाइनवरून इन्स्ट्रुमेंटवर नेलं, बॉक्समागचे आवाजाचे सगळे तयार (डीएसपी) मोड फिरवून पाहिले, केबल बदलली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

उलगडा झाला तो प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) पडल्यामुळे. लूपरवर, म्हणजे वाजवलेलं पुन्हापुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रावर, चार मापांचा रिफ (छोटा तुकडा) फिरत ठेवला होता. प्लेक्ट्रम उचलायला डावीकडे वाकलो आणि रिफचा चावा एकदम गायब. परत माइकपाशी आलो, चावा हजर. डावीकडे अर्धं पाऊल, गायब. आणखी एक पाऊल, थोडा परत आला, पण निराळ्याच रंगात. उजवीकडेही तेच. लूप तोच, पॅच तोच, गिटारला हातही लावलेला नाही. जिथे जिथे आवाज पोकळ झाला तिथे तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावत गेलो. पंधरा मिनिटांत माइकच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच अंतरावर पट्ट्या दिसायला लागल्या, तेव्हा अंगावर काटाच आला.

मग टेप घेतली. वूफरच्या (खालच्या सुरांचा स्पीकर) मध्यापासून हॉर्नच्या (वरच्या सुरांचा भोंगा) मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर. मॅन्युअलमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे काम वूफरकडून हॉर्नकडे जातं ती जागा, २ किलोहर्ट्झ. या फ्रीक्वेन्सीला ध्वनीची तरंगलांबी १७ सेंटिमीटरच्या आसपास. क्रॉसओव्हरपाशी वूफर आणि हॉर्न हे दोन्ही ड्रायव्हर एकच सूर जवळपास सारख्याच जोरात काढतात. तुम्ही दोघांपासून सारख्या अंतरावर असलात तर आवाज एकमेकांत मिळतात. पण एकाचा रस्ता दुसऱ्यापेक्षा अर्ध्या तरंगाने, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरने, लांब पडला की ते एकमेकांना खाऊन टाकतात. या बॉक्सला ते साधारण २० अंशांवर होतं. माझा कान बॉक्सपासून १.५ मीटरवर, म्हणजे मध्यापासून बाजूला जेमतेम ५५ सेंटिमीटर. माझ्या पहिल्या पट्ट्या होत्या ५० आणि ६० वर.

बॉक्स उभा असतो तेव्हाही हा खड्डा असतोच, पण तो वर आणि खाली पडतो, आणि तिथे सहसा कुणाचे कान नसतात. आडवा केला की तोच खड्डा डावी-उजवीकडे येतो. शिवाय रुंदीत ९० आणि उंचीत ६० अंश आवाज पसरवणारा हॉर्नही आडवा होतो, म्हणजे बाजूला ६० अंशच उरतात. काही बॉक्समध्ये हॉर्न फिरवून घेता येतो, पण त्याने फक्त हा दुसरा त्रास जातो. ड्रायव्हर शेजारी-शेजारी राहतात ते राहतातच.

मग गाणं कसं स्वच्छ? कारण गाताना मी माइकला चिकटलेला असतो, म्हणजे बरोबर मध्यावर. सोलो आला की पाऊल बाजूला पडतं, आणि मग मी म्हणतो, ‘सोलोचा पॅच बिघडलाय.’ त्या पॅचला तीन आठवडे उगाच शिव्या खाव्या लागल्या.

उपाय हास्यास्पद निघाला. जुन्या अँपबरोबर आलेला घडीचा तिरका स्टँड कोपऱ्यात पडून होता. बॉक्स त्यावर उभा, मागे कललेला, तोंड माझ्या चेहऱ्याकडे. डावीकडून उजवीकडे चालत गेलो, रिफ जसाच्या तसा. हातातली चिकटपट्टी तशीच ठेवून मी दहा मिनिटं नुसता येरझाऱ्या घालत होतो. पॅचमधले अर्धे उपद्व्याप परत फिरवले. हाय-कट ७ वर, आणि बॉक्स जमिनीपासून सुटल्यामुळे फुकटचा बास गेला म्हणून लो-कट ९० वर. गिटारची सगळ्यांत खालची तार, ई, ८२ हर्ट्झची आहे, पण बासवाला सोबत असताना तिच्या मुळाशी मला काही काम नाही.

शिट्टीची, म्हणजे बॉक्सचा आवाज माइकमध्ये शिरून होणाऱ्या फीडबॅकची, भीती होती, ती फोल ठरली. एसएम५८ कार्डिऑइड आहे, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, त्याची पाठ सगळ्यांत बहिरी, आणि बॉक्स नेमका पाठीमागेच आहे. ज्यांच्याकडे सुपरकार्डिऑइड माइक आहे त्यांनी असं ठेवू नका. त्याचा बहिरा कोन समोरून मोजला तर १२० ते १२५ अंशांच्या आसपास असतो, म्हणून बॉक्स थोडा बाजूला हवा.

आणखी एक छोटा विजय. जोरात स्ट्रम केलं की माझा गळा मागे जायचा, आठवतंय? दोन्ही चॅनल एकाच लिमिटरमधून (मर्यादेपलीकडचा आवाज दाबणारा) जातात, गिटारने लाल दिवा पेटवला की गळाही दाबला जातो. गिटार ३ डीबी खाली, २०० हर्ट्झला थोडी काट, दिवा विझला.

यावरून खोक्यांवरच्या वॉटबद्दल. ज्या विक्रेत्याने मला ‘१००० वॉटने गिटारचं काय होणार, २००० चं घ्या’ असं सांगितलं होतं, त्याला हे सांगायचंय की वॉट दुप्पट म्हणजे ३ डीबी, आणि तेही पीकचे, म्हणजे क्षणभराचे, आकडे. मी त्याऐवजी दोन पावलं पुढे येईन. ‘गिटारसाठी खास एफआरएफआर’ (सगळे सूर सारखेच ऐकवणारा बॉक्स) या स्टिकरवरही माझा फारसा विश्वास नाही. गळाही त्याच खोक्यातून काढायचा असेल तर चांगला माइक प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारा भाग), दोन चॅनलना वेगळा ईक्यू (सूर कमी-जास्त करायची सोय) आणि चालू आहे हे कळणारही नाही असा पंखा, हे मी आधी बघेन. हळू गाण्यात पंख्याची घरघर ऐकू येते तेव्हा स्टिकर वाचवत नाही.

बारा इंची बॉक्स घ्यायचा बेत मात्र रद्द. म्हणजे रद्दच म्हणणार होतो, पण वरचा हिशोब लिहिताना डोक्यात आलं की कोॲक्सिअल बॉक्समध्ये हॉर्न वूफरच्या मधोमध असतो. तिथे ते २५ सेंटिमीटर जवळपास शून्य. मग आडवा ठेवा, उभा ठेवा, खड्डा बाजूला पडायला नको. काही कोॲक्समध्ये वूफरचा कोनच हॉर्नची भिंत असतो, आणि भिंत हलत असताना वरचे सूर गढूळ होत असतील का, हे बास आणि गळा एकत्र सोडूनच ऐकायला हवं. आमच्या ड्रमरकडे एक आहे, तो पुढच्या तालमीला आणतोय. तोच लूप, त्याच जागा, आधी आडवा आणि मग उभा. पट्ट्या काढू नका असं सगळ्यांना बजावून ठेवलंय, बासवाला दोनदा अडखळला तरी.