चोवीस फुटी फलक आणि तासांचा हिशेब

हौस म्हणून अक्षरे रंगवणाऱ्याला दुकानाची पाटी, दारावरचे नाव किंवा गाडीच्या मागची ओळ यांचा अंदाज सहज बांधता येतो, पण भिंतीवरचा २४ फूट रुंद आणि ५ फूट उंच फलक अंगावर घेतला की तो अंदाज कुठे कुठे चुकतो, हे मला या कामात पावलोपावली दिसत आहे. काम एका वाचनालयाचे आहे आणि ते अजून संपलेले नाही. तरीही किंमत कशी ठरवली आणि आखणी कुठे बिघडली याची नोंद आताच करून ठेवतो, कारण काम पुरे झाल्यावर अडचणींचा विसर पडतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच आशावादी आकडा तोंडातून जातो.

पाहणी

मूळ मजकूर दोन ओळींचा होता. वरच्या ओळीत ‘सार्वजनिक वाचनालय’ आणि खालच्या ओळीत ‘ग्रंथसंग्रहालय आणि अभ्यासिका’. फलकाची खालची कड जमिनीपासून ९ फुटांवर येते आणि वाचणारा माणूस समोर साधारण ८० फुटांवरून जातो. दर १० फुटांमागे अक्षराची उंची किमान १ इंच असावी, असा जो सर्वसाधारण आडाखा आहे त्याप्रमाणे ८ इंचांचे अक्षर पुरले असते. मात्र तो आडाखा सहज वाचता येण्यापुरता आहे. मुख्य ओळीने नजर खेचून घ्यावी अशी अपेक्षा असेल तर दुपटीच्या आसपास जावे लागते. मी वरच्या ओळीसाठी १८ इंच आणि खालच्या ओळीसाठी १० इंच धरले.

ही उंची शिरोरेघेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या तळापर्यंतची आहे, हे येथे स्पष्ट करायला हवे. देवनागरीत खरी जागा खातात ती रफार, वेलांट्या, मात्रा आणि खालचे उकार. १८ इंचांच्या अक्षरावर रफार आणि वेलांटी यांना मला ७ इंच सोडावे लागले. फलकाची उंची ६० इंच आहे म्हणून ३० इंचांची अक्षरे काढू, असे ग्राहक सहज म्हणून जातो. त्याला कागदावर आडव्या रेघा मारून दाखवल्याशिवाय ते पटत नाही. माझ्या सुदैवाने मूळ मजकुरात एकही उकार नव्हता, त्यामुळे अक्षरांच्या तळाखाली काही राखून ठेवण्याची गरज पडली नाही. या सुदैवाने पुढे मला चांगलेच अडचणीत आणले.

किंमत

ग्राहकाने पहिला प्रश्न विचारला तो ‘एका अक्षराचे किती?’ असा. अक्षरावर भाव सांगण्याची पद्धत जुनी आणि सोयीची असली तरी देवनागरीत अक्षर मोजायचे कसे, इथूनच वाद सुरू होतो. ‘र्व’ हे एक की दोन? ‘ग्रं’मध्ये ग आहे, र आहे आणि वर अनुस्वारही आहे. ‘ल’ आणि ‘भ्या’ यांना एकच भाव लावणे कोणालाच न्याय्य वाटणार नाही. चौरस फुटाचा भाव पार्श्वभूमीच्या रंगकामाला ठीक आहे, पण त्या १२० चौरस फुटांत दहा अक्षरे आहेत की शंभर, याची त्या भावाला कल्पनाच नसते. म्हणून मी तासांवर आलो, आणि ते तास मनाने न ठरवता मोजून काढले.

घरी प्लायवर भिंतीसारखा खरबरीत थर देऊन मी वरच्या ओळीतली तीन अक्षरे पूर्ण मापात, घड्याळ लावून रंगवली. ‘ज’ला ३८ मिनिटे लागली, ‘नि’ला ५० आणि ‘र्व’ला ५६. सरासरी ४८ मिनिटे आली, म्हणजे दहा अक्षरांना रंगाचा पहिला हात द्यायला ८ तास. त्यानंतर १० इंचांची दोन अक्षरे केली, त्यांची सरासरी २८ मिनिटे आली. हा आकडा मला फार बोलका वाटतो. १८ वरून १० इंचांवर आले की अक्षराचे क्षेत्रफळ मुळाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होते, पण वेळ मात्र निम्म्याहून अधिक लागतो. कारण आपला वेळ अक्षराचे पोट रंगाने भरण्यात जात नाही, कडा सांभाळण्यात जातो, आणि कडेची लांबी उंचीच्या प्रमाणातच घटते. छोटे अक्षर स्वस्त पडेल या समजुतीने आजवर किती वेळा स्वतःचे नुकसान करून घेतले, हे त्या दिवशी कळले.

पार्श्वभूमी गडद हिरवी आणि अक्षरे मलई रंगाची ठरली असल्यामुळे दुसरा हात अटळ होता, कारण फिका रंग गडदावर एका हातात झाकत नाही. दुसऱ्या हाताला पहिल्याच्या सुमारे ६० टक्के वेळ धरला. दोन्ही ओळींचे, दोन्ही हातांचे मिळून २२.५ तास झाले, आणि वरच्या ओळीच्या छायेला, म्हणजे अक्षरांच्या एका अंगाला रंगवायच्या सावलीला, ८ तास धरले. बाकीचा हिशेब असा मांडला: पाहणी ३, छोट्या प्रमाणातली रेखाटने ७, पूर्ण मापाचा खाका (भिंतीवर उतरवायच्या अक्षरांचा कागदी नमुना) १२, भिंतीची तयारी ९, पार्श्वभूमीचे दोन हात ८, खाका उतरवणे ४, परांची हलवणे आणि आवराआवर ६, शेवटची डागडुजी ३. एकूण ८२.५ तास. यात कुंचला प्रत्यक्ष अक्षरावर चालतो तो वेळ ३०.५ तास, म्हणजे जेमतेम ३७ टक्के. उरलेला वेळ कोणाला दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो हौशी रंगारी अंदाजात धरत नाही. अडीअडचणींसाठी १५ टक्के मिळवून मी ९५ तास सांगितले. रंग, कागद आणि परांचीचे भाडे वेगळे लावले.

समोरून ‘हौसेला मोल नसते’ हे वाक्य आलेच. त्यावर मी तासांचा कागद पुढे केला आणि यातला कोणता टप्पा गाळायचा ते सांगा, असे विचारले. छाया गाळण्याचा विचार थोडा वेळ झाला, पण अखेर काहीच गळले नाही. किंमत टप्प्याटप्प्याने मांडण्याचा मोठा फायदा हाच, की घासाघीस दरावर न होता कामावर होते.

खाका, आणि एक शब्द

छोट्या रेखाटनात वरची ओळ १७.५ फूट भरली, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वातीन फूट मोकळे राहत होते. खालची ओळ पावणेचौदा फूट. रेघेची जाडी उंचीच्या सहाव्या भागाइतकी, वरच्या ओळीत ३ इंच. गडद जमिनीवरचे फिके अक्षर डोळ्याला फुगलेले दिसते, म्हणून ही जाडी एका सुताने, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने, कमी केली. कागदाचे सहा सहा फुटांचे तुकडे जोडून त्यांवर पूर्ण मापात अक्षरे काढली, काटेरी चाकाने भोके पाडली आणि कागदाची मागची बाजू बारीक पॉलिश कागदाने घासली. भोक पाडताना मागे कागदाचा जो उंचवटा येतो तो घासून न काढल्यास भोकांतून भिंतीवर उतरवायची खडूची भुकटी अडते आणि भिंतीवर ठिपक्यांऐवजी पुसट ढग उमटतो.

भोके पाडून झाल्यानंतर निरोप आला: खालच्या ओळीत ‘विनामूल्य’ हा शब्द हवा आहे. चारच तर अक्षरे आहेत, असेही पुढे होते.

या चार अक्षरांनी १० इंच उंचीची खालची ओळ १८.४ फुटांवर नेली, म्हणजे ती वरच्या ओळीहून लांब झाली. मुख्य ओळीच्या खाली तिच्यापेक्षा रुंद ओळ आली की फलक तळाला सांडल्यासारखा दिसतो, त्यामुळे सगळी ओळ ९ इंचांवर आणावी लागली; तेव्हा ती साडेसोळा फुटांत बसली. याचा अर्थ फक्त नवा शब्द जोडून भागले नाही, तर खालच्या ओळीचा संपूर्ण खाका रद्द झाला. त्यातच ‘मू’चा दीर्घ उकार तळाखाली साडेतीन इंच उतरतो आणि तिथे तर मी जागाच ठेवली नव्हती, म्हणून दोन्ही ओळी एक इंच वर सरकवल्या. नवे रेखाटन २ तास, नवा खाका ५ तास, आणि चार अक्षरे रंगवण्याचे दोन्ही हात धरून ३ तास असे १० तास वाढले. मजकूर मंजूर झाल्यानंतरचा बदल वेगळ्या तासांत धरला जाईल, हे सुरुवातीच्या पत्रात लिहून सही घेतली होती, म्हणून कटुता न येता आकडा १०५ वर गेला. ही ओळ पत्रात नसती तर मी ते दहा तास गिळले असते, याची मला खात्री आहे.

भिंत

माझा सर्वांत वाईट अंदाज भिंतीच्या तयारीचा निघाला. पाहणीच्या दिवशी मी तळहात घासून पाहिला होता आणि हाताला थोडी पांढरी भुकटी लागली होती. चिकटपट्टी लावून ओढून पाहण्याची चाचणी मात्र खालच्या कडेला, जिथे हात पोचत होता तिथेच केली. परांची चढून वर गेल्यावर दिसले की वरच्या दोन फुटांत पाणी मुरून जुना रंग पापुद्र्यांनी सुटला आहे. खरवडणे, धुणे, वाळू देणे, खड्डे बुजवणे आणि प्रायमर यांत ९ ऐवजी १४ तास गेले. भिंत सिमेंटच्या गिलाव्याची असल्याने सगळे काम पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगात ठेवले. गिलाव्यातला अल्कलीचा अंश तेलरंगातील तेलाचा साबण करतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. ही जोखीम एवढ्या मोठ्या फलकावर घेण्यात अर्थ नव्हता.

दुसरी अडचण डोळ्यांची होती. फलकाच्या खाली भिंतीला एक कंगोरा, म्हणजे पुढे आलेली आडवी पट्टी, आहे. पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने दोन्ही टोके तपासली तेव्हा तो २४ फुटांत दीड इंच उतरत असल्याचे आढळले. सुट्या अक्षरांच्या लिपीत असा उतार थोडाफार लपतो, पण आपली शिरोरेघ म्हणजे जणू रंगवलेली पट्टीच असते, ती काहीच लपवू देत नाही. अचूक आडवी ठेवली तर कंगोऱ्यापुढे तीच वाकडी दिसते आणि कंगोऱ्याला समांतर ठेवली तर सगळी इमारत कललेली भासते. दोन्ही प्रकारे दोरी मारून, ८० फुटांवर जाऊन पाहिले आणि अखेर पाऊण इंचाचा उतार देऊन मध्यम मार्ग धरला. उभे काने मात्र ओळंब्याप्रमाणेच ठेवले.

आजची स्थिती

भिंतीवर सकाळी अकरानंतर ऊन येते आणि उन्हात ॲक्रिलिक कुंचल्यातच आवळू लागतो, त्यामुळे दिवसाचे पाचच तास कामाचे मिळतात. दिवस मोजताना हे धरले नसते तर परांचीचे भाडे हाताबाहेर गेले असते. वरच्या ओळीचे दोन्ही हात झाले आहेत. ८ तासांचा पहिला हात ९ तासांत आणि दुसरा साडेचार तासांत आटोपला. मऊ केसांचे लांब कुंचले खरबरीत भिंतीवर झिजतात, म्हणून कडांसाठी अडीच इंची चपटा कृत्रिम केसांचा कुंचला वापरला. खालच्या ओळीचा पहिला हात ‘आणि’पर्यंत आला आहे.

आजवर ७८.५ तास खर्ची पडले आहेत आणि उरलेल्या कामाला माझ्या हिशेबाने २२ लागतील, म्हणजे १०५ च्या आत राहून साडेचार तास हाताशी उरतात. छाया मात्र प्लायवर पुन्हा करून पाहावी लागली. डाव्या खालच्या अंगाला दीड इंचाची छाया दिली तेव्हा शिरोरेघेची सावली ‘ज’च्या पोटात उतरून ते गिचमिड झाले, आणि रफार तर खालच्या शिरोरेघेला चिकटल्यासारखा दिसू लागला. एका इंचावर आणल्यावर अक्षर मोकळे झाले, तेव्हा तेच माप ठेवले आहे. उद्या सकाळी ‘विनामूल्य’ घेणार आहे. ‘मू’चा उकार खडूत उतरवून झाला आहे आणि त्याच्या टोकाखाली फलकाच्या कडेपर्यंत साडेसहा इंच मोकळे आहेत.