खिशातली रिव्हॉल्व्हर आणि त्यांच्यावरचे ठसे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या जुन्या वाड्यांत तलवारी, दांडपट्टे आणि भाले भिंतीवर मानाने लावलेले दिसतात. ठासणीची लांब बंदूकही एखाद्या खुंटीवर असते. खिशात मावणारे एकोणिसाव्या शतकातले छोटे रिव्हॉल्व्हर मात्र बहुधा कागदपत्रांच्या ट्रंकेत तळाशी, फडक्यात गुंडाळलेले निघते. कोणत्याही लढाईशी त्याचे नाव जोडलेले नसल्यामुळे घरचे लोक त्याला मोडीतच धरतात. माझ्या संग्रहाचा विषय नेमका हाच आहे. या शस्त्रांचा इतिहास घरच्या ऐकीव गोष्टींपेक्षा त्यांच्या लोखंडावरच्या बारीक ठशांत कितीतरी खात्रीने वाचता येतो, आणि आपण तो आपल्याच हातांनी घासून नाहीसा करत आहोत, हे मला अत्यंत कळकळीने सांगावेसे वाटते.

सॅम्युएल कोल्ट यांनी अमेरिकेत १८३६ मध्ये फिरत्या सिलिंडरच्या शस्त्राचे पेटंट घेतले असले, तरी खिशातल्या रिव्हॉल्व्हरला मोठा बाजार मिळवून दिला तो त्यांच्या १८४९ च्या नमुन्याने. ०.३१ इंच व्यासाच्या नळीचे हे शस्त्र १८७३ पर्यंत ३ लाखांहून अधिक संख्येने बनले, आणि १८५३ ते १८५६ या काळात कोल्टच्या लंडनच्या कारखान्यातही ते तयार होत होते. त्यात काडतूस नसते. सिलिंडरच्या प्रत्येक खान्यात पुढच्या बाजूने दारू आणि शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या बोंडीवर, घोडा आपटताच ठिणगी देणारी टोपी बसवायची, अशी ती रीत होती. सिलिंडरभोवती घोडागाडीवर पडलेल्या दरोड्याचे चित्र उठवलेले असते आणि ते फार उथळ असते. म्हणूनच चित्रातली माणसे आणि घोडे किती शिल्लक आहेत यावरून ते शस्त्र किती वापरले गेले आणि किती घासले गेले, याचा अंदाज जाणकार पहिल्या नजरेतच बांधतात. नळी, सांगाडा, चापाची कडी या भागांवर एकच क्रमांक असला तर ते सारे भाग मूळचे एकत्र आहेत असे मानायला आधार मिळतो. क्रमांक वेगवेगळे असतील तर दोन-तीन मोडक्या शस्त्रांतून एक जुळवलेले असण्याचा संभव असतो.

या जातीच्या शस्त्राबाबत एक सूचना मी कधीच टाळत नाही. खान्यात दीडशे वर्षांपूर्वी ठासलेली दारू अजूनही तशीच असू शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू जुनी झाली म्हणून निकामी होत नाही. ट्रंकेतून असे रिव्हॉल्व्हर निघाले तर त्याचा घोडा ओढून पाहू नये, ते मुलांच्या हाती देऊ नये आणि तापवू तर मुळीच नये.

पुढे काडतुसाचे युग आले. फ्रान्समध्ये यूजीन लफोशो यांचे पिनेच्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर १८५४ मध्ये आले. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी १८५७ मध्ये ०.२२ इंची, सात खान्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. काडतूस मागून भरता येईल अशा, आरपार भोक पाडलेल्या सिलिंडरचे पेटंट रोलिन व्हाइट यांचे होते, त्यामुळे १८६९ पर्यंत अमेरिकेतल्या इतर कारखानदारांचे हात बांधलेले राहिले. १८७२ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने ‘ब्रिटिश बुलडॉग’ काढले: पाच खाने, अडीच इंचांची नळी आणि मुठीत मावेल असा सांगाडा. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या कारागिरांनी त्याच्या इतक्या नकला केल्या की, बुलडॉग दिसले म्हणजे ते वेब्लीचेच असे समजणे धोक्याचे आहे.

माझ्याकडच्या एका नगाचे उदाहरण देतो. खानापूर भागातल्या एका घरातून आलेले हे पिनेच्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर पूर्ण निकामी आहे. नळी गंजाने बुजलेली आहे आणि घोड्याचा वरचा भाग तुटलेला आहे. घरात ते कंपनी सरकारच्या एका साहेबाने बक्षीस दिलेले विलायती शस्त्र म्हणून सांगितले जात असे. चापाला कडी नाही, चाप पुढे दुमडतो. सिलिंडरच्या मागच्या कडेला प्रत्येक खान्यासाठी एक खाच आहे, कारण काडतुसाच्या कुशीतून बाहेर आलेली पितळी पिन त्या खाचेतून वर डोकावत असे आणि घोडा वरून तिच्यावर आपटत असे. भिंगातून पाहिले की सिलिंडरवर लंबगोलात ‘ईएलजी’ ही तीन रोमन अक्षरे आणि त्यांच्याखाली तारा दिसतो. हा लिएजच्या चाचणीघराचा, म्हणजे नवी शस्त्रे तपासून त्यांवर खूण उठवणाऱ्या संस्थेचा, ठसा आहे. १८९३ पासून या लंबगोलावर मुकुट येऊ लागला. इथे मुकुट नाही, म्हणजे शस्त्र त्यापूर्वीचे आहे. कंपनी सरकारचा कारभार १८५८ मध्ये संपला, तेव्हा घरची गोष्ट खरी असायला हे रिव्हॉल्व्हर त्याआधीच्या चारच वर्षांतले असावे लागेल, आणि त्याची एकूण घडण पाहता मला ते नंतरचे वाटते. साहेबाने ते दिलेही असेल, पण घडले ते बेल्जियममध्ये. एवढे सगळे तांदळाच्या दाण्याएवढ्या ठशाने सांगितले. बर्मिंगहॅमच्या १८१३ पासूनच्या चाचणीघराचे ठसे वेगळे असतात. त्यांत मुकुटाखाली एकमेकांवर आडवे टाकलेले राजदंड दिसतात.

ही शस्त्रे आपल्या भागात सर्रास न सापडण्यालाही इतिहास आहे. १८५७ मध्ये इंग्रजांनी हत्यारे काढून घेण्याचा कायदा केला, तेव्हा त्या वेळच्या मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडर जमातीच्या लोकांनी हत्यारे द्यायला नकार दिला आणि त्यांचे गाव जाळण्यात आले. पुढे १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईनासे झाले, आणि युरोपियनांना मात्र सूट राहिली. साहजिकच रिव्हॉल्व्हर आली ती बेळगावच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांकडे किंवा परवाना मिळवू शकणाऱ्या देसाई-इनामदारांकडे. म्हणून इथे सापडलेला प्रत्येक नग मला मोलाचा वाटतो.

आणि नेमका हाच नग खंडेनवमीला घासला जातो. शस्त्रपूजा आपल्या घरोघरी मनापासून होते आणि ती व्हावीच. पण आदल्या दिवशी विटेची पूड, राख, चिंच किंवा पॉलिश पेपर घेऊन रिव्हॉल्व्हर लखलखीत केले जाते, आणि दोन-चार पिढ्यांत ठसा, क्रमांक, विक्रेत्याचे कोरलेले नाव सगळे सपाट होते. बफिंग मशीनवर तर हे काम पाच मिनिटांत होते. मूळचा निळसर-तपकिरी थर गेला की तो परत येत नाही आणि जाणकाराच्या लेखी वस्तूची किंमतही पडते. पूजेसाठी शस्त्र पाटावर कोऱ्या कापडावर ठेवावे, हळद-कुंकू आणि झेंडू कापडावरच वाहावेत. ओले कुंकू धातूवर रात्रभर राहिले तर तिथे गंजाची खळी पडते.

खानापूर, कणकुंबीच्या पावसात तर जपणूक आणखी अवघड होते. चामड्याच्या म्यानात रिव्हॉल्व्हर ठेवू नये. चामडे ओल धरते आणि पितळेवर हिरवा थर चढतो. नुसत्या हाताने धरल्यास घामाचे क्षार लागतात, म्हणून सुती मोजे घालावेत, हलक्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात बदलत राहाव्यात.

कायद्याच्या बाबतीत कोणीही गाफील राहू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याची सूट जुन्या घडणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या अशाच शस्त्राला आहे, जे दुरुस्त करूनही चालवता येणार नाही. चालू स्थितीतले रिव्हॉल्व्हर पणजोबांचे असले तरी त्याला परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाने आलेली धरूनही दोनच बंदुका बाळगता येतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते, तेव्हा ती परदेशी विकण्याचा विचारच करू नये. ट्रंकेत काही सापडले तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. त्यानंतर उजेडात प्रत्येक ठशाचा जवळून फोटो काढावा आणि वस्तू कोणाकडून, कशी घरात आली याबद्दल वडीलधारी माणसे जे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून फोटोंसोबत ठेवावे.