चंद्र जड की पृथ्वी?
आज भाचीचा घातांकांचा अभ्यास घेत होते. पृथ्वीचं वस्तुमान ५.९७ गुणिले दहाचा २४वा घात किलो, चंद्राचं ७.३५ गुणिले दहाचा २२वा. "मावशी, मग चंद्रच जड!" ती ठामपणे म्हणाली. मी काहीच सांगितलं नाही. दोन्ही संख्या पूर्ण लिहायला लावल्या, एककाखाली एकक धरून. शून्यं लिहिता लिहिता वहीची ओळ संपत आली आणि पृथ्वी दोन घरं पुढे निघून गेली. "अय्या, म्हणजे आधी घात बघायचा!" मग भागाकारही तिनेच केला: पृथ्वी साधारण ८१ पट जड. शाळेत हे 'दशांशचिन्ह इतकी घरं डावीकडे' म्हणून उरकतात, याचं फार वाईट वाटतं. उद्या हायड्रोजनच्या अणूचं वस्तुमान घेणार आहोत, तिथे घात ऋण!